विश्लेषण : रक्तातील ‘सीआरपी’वरून पार्किन्सनची पुढची वाटचाल कळते का?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘सीआरपी किती आला?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जात होता. डी-डायमर, आयएल-६, एचआरसीटीचा स्कोअर हे शब्द तेव्हा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रुळले. त्यातलीच काही नावे आता पार्किन्सन, म्हणजे कंपवाताच्या संशोधनात वारंवार दिसू लागली आहेत. ज्यांच्या रक्तात दाहाचे प्रमाण जास्त, त्यांचा आजार अधिक वेगाने वाढतो, असे काही अभ्यास सांगतात. मग एका साध्या रक्ततपासणीतून आजाराची पुढची वर्षे वाचता येतील का? की या आकड्याचा खरा उपयोग वेगळाच आहे?

आजाराचा वेग हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

पार्किन्सनचे निदान झाल्यावर ‘हा बरा होईल का’ याचे उत्तर बहुतेक कुटुंबांना पहिल्याच भेटीत मिळते. आजार आटोक्यात ठेवता येतो, मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. त्यानंतरचा प्रश्न असतो, ‘किती वेगाने वाढेल?’ नोकरी आणखी किती वर्षे करता येईल, जिन्याचे घर बदलावे का, गाडी चालवणे कधी थांबवावे, घरात मदतीला कोण राहणार, असे सगळे निर्णय या एका उत्तरावर अवलंबून असतात.

आणि नेमके हेच उत्तर कठीण आहे. इंग्लंडमधील केंब्रिज परिसरात नव्याने निदान झालेल्या रुग्णांवर दहा वर्षे लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा वर्षांनी ४६ टक्क्यांना स्मृतिभ्रंश झाला होता, ६८ टक्क्यांना तोल सांभाळणे अवघड झाले होते. मात्र २३ टक्के रुग्ण यापैकी काहीही न होता बऱ्यापैकी चांगल्या स्थितीत होते. आजाराचे नाव एकच, पण वाटा इतक्या वेगळ्या. कोण कोणत्या वाटेने जाणार हे सुरुवातीलाच सांगणारी खूण मिळावी, म्हणून शास्त्रज्ञ रक्तात शोध घेत आहेत.

दाह म्हणजे काय आणि त्याचा मेंदूशी काय संबंध?

बोटाला काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. रोगप्रतिकार यंत्रणा कामाला लागल्याची ती खूण. हाच दाह, म्हणजे इन्फ्लमेशन. काटा निघाला की तो शमतो. पण काही वेळा दाह मंद आचेवर वर्षानुवर्षे धुमसत राहतो. बाहेरून लालसरपणा नाही, ताप नाही, तरी आत पेशींचे नुकसान सुरू असते.

पार्किन्सनमध्ये मेंदूच्या मध्यभागातील ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ या भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. अल्फा-सिन्युक्लिन नावाचे प्रथिन चुकीच्या पद्धतीने घडी होऊन पेशींत साचते. डोपामिन कमी पडले की हात कापणे, हालचाली मंदावणे, स्नायू ताठरणे ही लक्षणे दिसू लागतात.

या पेशींच्या शेजारीच मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्या मेंदूतल्या पहारेकरी आणि सफाई कामगार दोन्ही. कॅनडातील पॅट्रिक मॅकगीर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा नेमक्या याच भागात खवळलेल्या अवस्थेतील मायक्रोग्लिया आढळल्या. पार्किन्सनकडे दाहाच्या दृष्टीने पाहण्याची सुरुवात प्रामुख्याने तिथून झाली.

पुढे २०१७ मध्ये ‘नेचर’मधील एका अभ्यासाने आणखी एक दुवा दिला. काही रुग्णांच्या रक्तातील टी-पेशी अल्फा-सिन्युक्लिनच्या तुकड्यांना परका शत्रू समजून प्रतिसाद देतात, असे त्यात दिसले. म्हणजे प्रश्न फक्त मेंदूपुरता नाही, शरीरभर फिरणारी प्रतिकार यंत्रणाही त्यात सामील असावी. जनुकांतूनही तसाच इशारा मिळतो. पार्किन्सनशी निगडित ‘एलआरआरके-२’ या जनुकाचा संबंध आतड्याच्या क्रोन्स आजाराशी आणि कुष्ठरोगाशीही आढळला आहे. हे दोन्ही आजार प्रतिकारशक्तीच्या वागण्याशी जोडलेले आहेत.

रक्तात नेमके काय मोजतात?

सर्वात परिचित म्हणजे सीआरपी, अर्थात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. ते यकृतात तयार होते. शरीरात कुठेही दाह वाढला की काही तासांत त्याचे रक्तातील प्रमाण चढते आणि कारण दूर झाले की उतरते. आग कुठे लागली हे ते सांगत नाही, फक्त कुठेतरी धूर आहे एवढेच सांगते.

दुसरा गट सायटोकाइन्सचा. प्रतिकार यंत्रणेतील पेशी एकमेकींना निरोप धाडण्यासाठी ही प्रथिने वापरतात. आयएल-६, आयएल-१ बीटा, टीएनएफ-अल्फा ही दाह वाढवणारी, तर आयएल-१० हे प्रामुख्याने दाह आवरणारे. तिसरा गट पेशींचा. साध्या सीबीसी अहवालातही दिसणाऱ्या न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे एकमेकांशी प्रमाण किती, हे पाहिले जाते.

अभ्यास काय सांगतात?

येथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची अनेकदा सरमिसळ होते.

पहिला प्रश्न, रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्या रक्तात फरक आहे का? २०१६ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’मध्ये २५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १,५४७ रुग्ण आणि १,१०७ निरोगी व्यक्तींची माहिती होती. रुग्णांच्या रक्तात आयएल-६, टीएनएफ, आयएल-१ बीटा, सीआरपी यांचे प्रमाण सरासरीने जास्त होते. म्हणजे फरक आहे.

दुसरा प्रश्न, आजार दिसण्यापूर्वीच हा फरक असतो का? अमेरिकेतील आरोग्य क्षेत्रातील पुरुषांच्या दीर्घकालीन अभ्यासात, ज्यांच्या रक्तात आयएल-६ जास्त होते त्यांच्यात पुढे पार्किन्सनचे निदान होण्याचा धोका अधिक दिसला. सीआरपीबाबत मात्र तसा संबंध आढळला नाही. ‘यूके बायोबँक’मधील सुमारे पाच लाख लोकांच्या माहितीवर आधारित २०२१ च्या अभ्यासात, लिम्फोसाइटची संख्या कमी असणे आणि नंतर पार्किन्सन होणे यांत संबंध दिसला. इथे उत्तर ‘काही अंशी’ असे आहे.

तिसरा प्रश्न आपल्या विषयाचा. निदानाच्या वेळचे रक्त पाहून पुढचा वेग कळतो का? केंब्रिज आणि न्यूकॅसल येथील ‘आयसिकल-पीडी’ अभ्यासात नव्याने निदान झालेल्या २३० रुग्णांचे आणि ९३ निरोगी व्यक्तींचे रक्त तपासले गेले. रुग्णांची १८ आणि ३६ महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. ज्यांच्या रक्ताचा एकूण कल दाह वाढवणारा होता, त्यांच्या हालचाली तीन वर्षांत अधिक वेगाने बिघडल्या. विचारशक्तीच्या साध्या चाचणीतही त्यांचे गुण कमी होते. ज्यांचा कल दाह आवरण्याकडे होता, त्यांची घसरण तुलनेने संथ होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही या चर्चेचा मुख्य आधार आहे.

त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. संशोधकांनी एकाच घटकावर बोट ठेवले नाही. अनेक घटक एकत्र करून त्यांचा कल काढला. ‘सीआरपी वाढला म्हणजे आजार धावणार’ असे तो अभ्यास म्हणत नाही.

मग एका रुग्णाचे भवितव्य का सांगता येत नाही?

कारण गटाची सरासरी आणि एका माणसाचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलैमध्ये मुंबईत पुण्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, हे शंभर टक्के खरे. पण कोणी फक्त एवढेच सांगितले की ‘काल आमच्याकडे ३० मिलिमीटर पाऊस झाला’, तर तो मुंबईतून बोलतोय की पुण्यातून हे ओळखता येईल का? नाही. तेवढा पाऊस दोन्हीकडे पडू शकतो. दोन गटांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले असतील, तर सरासरीतला फरक खरा असूनही एका आकड्यावरून निवाडा करता येत नाही. दाहाच्या घटकांचे नेमके असेच आहे.

दुसरी अडचण गोंगाटाची. संसर्गात सीआरपी लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या पुढेही जातो. पार्किन्सनच्या संशोधनात ज्या फरकांची चर्चा होते ते याच्या तुलनेत अगदी लहान असतात. सुजलेल्या हिरड्या, सर्दी-खोकला, वाढलेले वजन, मधुमेह, संधिवात, धूम्रपान यांपैकी कशानेही तेवढा फरक पडू शकतो. लाऊडस्पीकर सुरू असताना शेजारच्या खोलीतील कुजबुज ऐकण्यासारखे ते आहे.

तिसरी अडचण अगदी व्यवहारातली. काही प्रयोगशाळा सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, काही डेसिलिटरमागे. या दोन एककांत दहापट फरक आहे. दोन वेगळ्या ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवून ‘सहा महिन्यांत दहापट वाढला’ असा निष्कर्ष काढला जाऊ शकतो, प्रत्यक्षात काहीच बदललेले नसते.

दाह हे कारण की परिणाम?

हा कळीचा मुद्दा आहे. मरणाऱ्या पेशींचे अवशेष साफ करायला प्रतिकार यंत्रणा धावून येत असेल, तर दाह हा आजाराचा परिणाम ठरतो. दाहामुळे पेशी मरत असतील, तर तो कारण ठरतो. बहुधा दोन्ही घडते आणि एक दुसऱ्याला खतपाणी घालतो, असे अनेक संशोधक मानतात. शिवाय आजार वाढला की चालणे-फिरणे कमी होते, गिळताना अन्न श्वासनलिकेत जाऊन छातीचा संसर्ग होतो. यानेही दाह वाढतो. तेव्हा वाढलेला आकडा आजाराच्या पुढे धावतोय की मागे, हे वेगळे काढणे सोपे नाही.

कारण असण्याच्या बाजूने एक लक्षवेधी नोंद आहे. अमेरिकेतील विम्याच्या माहितीवर आधारित २०१८ च्या अभ्यासात, आतड्याचा दीर्घकालीन दाह असलेल्या रुग्णांत पार्किन्सनचे प्रमाण इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी जास्त होते. मात्र त्यांच्यातील ज्यांनी टीएनएफ रोखणारी औषधे घेतली, त्यांच्यात ते औषध न घेणाऱ्यांपेक्षा ७८ टक्क्यांनी कमी होते. आकडा मोठा आहे, पण ही चाचणी नव्हती, फक्त नोंदींचे निरीक्षण होते. अशा नोंदी दिशा दाखवतात, पुरावा ठरत नाहीत.

दाह कमी करणारी औषधे दिली तर?

हा प्रयत्न झाला आहे, आणि अनुभव जमिनीवर आणणारा आहे. मधुमेहावरील पायोग्लिटाझोन या औषधात दाह कमी करण्याचा गुण आहे. प्रयोगशाळेत त्याने आशा दाखवली. पण सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांवरील चाचणीत आजाराचा वेग कमी झाला नाही, असे २०१५ मध्ये स्पष्ट झाले.

अलीकडे चर्चा आहे ती मधुमेह आणि वजन कमी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘जीएलपी-१’ गटाची. त्यांच्या अनेक परिणामांपैकी दाह कमी करणे हा एक मानला जातो. फ्रान्समध्ये १५६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत लिक्सिसेनाटाइड घेणाऱ्यांची हालचालींतील घसरण वर्षभर जवळपास थांबलेली दिसली (२०२४). मात्र ब्रिटनमध्ये १९४ रुग्णांवर ९६ आठवडे चाललेल्या मोठ्या चाचणीत त्याच गटातील एक्सेनाटाइडचा काहीही फायदा दिसला नाही (२०२५).

आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांत पार्किन्सन कमी आढळतो, अशीही निरीक्षणे आहेत. पण ती आजार होण्याआधीच्या सवयींविषयीची आहेत. झालेला आजार त्याने रोखला जातो याचा पुरावा नाही. उलट वयस्कर व्यक्तींनी ही गोळी रोज घेतली तर जठरात रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका असतो. ‘दाह कमी करतो’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या हळदीच्या कॅप्सूल किंवा काढ्यांबाबतही तेच. त्यांनी पार्किन्सनचा वेग कमी होतो असे सिद्ध झालेले नाही.

मग रक्तातील या खुणांचा उपयोग काय?

आजच्या घडीला त्यांचा सर्वात मोठा उपयोग दवाखान्यात नाही, औषधांच्या चाचण्यांत आहे. दाहविरोधी औषध सरसकट सगळ्या रुग्णांना दिले, आणि त्यातल्या काहींच्याच आजारामागे दाह असला, तर त्यांना झालेला फायदा सरासरीत बुडून जातो. आधी दाह असलेले रुग्ण ओळखून त्यांनाच औषध दिले तर चित्र वेगळे दिसू शकते. स्तनाच्या कर्करोगात गाठीचा प्रकार तपासूनच औषध ठरते, तसेच काहीसे.

केंब्रिजमध्ये प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिन या जुन्या औषधाची चाचणी याच विचारातून आखली गेली. आजार वेगाने वाढण्याची शक्यता जास्त असलेले, सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्ण त्यासाठी निवडले गेले आणि रक्तातील खुणाही तपासण्याचे ठरले.

इतर काही खुणांवरही काम सुरू आहे. न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन चेतापेशींना इजा झाली की रक्तात वाढते. पार्किन्सनसारखे दिसणारे, पण अधिक वेगाने बिघडणारे आजार वेगळे ओळखण्यात त्याची मदत होऊ शकते. पाठीच्या मणक्यातील द्रवात चुकीच्या घडीचे अल्फा-सिन्युक्लिन शोधणारी चाचणीही आता उपलब्ध आहे. २०२३ मध्ये १,१२३ जणांवरील अभ्यासात तिने सुमारे ८८ टक्के रुग्ण अचूक ओळखले. पण आजार आहे का, याचे उत्तर ती देते. किती वेगाने वाढेल, याचे नाही.

भारतात हे चित्र वेगळे आहे का?

पार्किन्सनच्या भारतीय अभ्यासांत मुंबईचे स्थान जुने आहे. शहरातील पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले होते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली ती आकडेवारी आजही उद्धृत केली जाते. मात्र रक्तातील दाह आणि आजाराचा वेग यांवरचे वर उल्लेखलेले काम युरोप-अमेरिकेतले आहे. तिथले कमी-जास्तचे मापदंड जसेच्या तसे येथे लावणे धोक्याचे आहे. क्षयरोग, पावसाळ्यातील डेंग्यू-मलेरिया, मोठ्या प्रमाणावरील मधुमेह आणि दातांच्या तक्रारी यांमुळे आपल्याकडे दाहाचा आकडा वाढण्याची इतर कारणे जास्त आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन होता. ‘बीएमजे’मधील २०२५ च्या अभ्यासानुसार २०५० पर्यंत ही संख्या अडीच कोटींवर जाऊ शकते. मुख्य कारण वाढते आयुर्मान. रुग्ण वाढतील तशी ‘तुमचा पार्किन्सन किती वेगाने वाढेल ते जाणून घ्या’ अशा पॅकेजच्या जाहिरातीही येऊ शकतात. आज तरी अशा पॅकेजवर पैसे खर्च करून हाती निर्णय घेण्याजोगे काही लागत नाही.

मग पार्किन्सनच्या रुग्णाने सीआरपी कधी तपासावा?

एका प्रसंगी हा आकडा खरोखर कामाचा आहे, आणि नेमका तोच सहसा दुर्लक्षित राहतो. पार्किन्सन महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो, दोन-चार दिवसांत नाही. परवापर्यंत आधाराने चालणारी व्यक्ती आज उठूच शकत नसेल, अचानक गोंधळल्यासारखी बोलत असेल किंवा भास होत असतील, तर ‘आजार वाढला’ असे समजून घरी थांबू नये. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग हे त्यामागचे नेहमीचे कारण असते. वयस्करांत अशा वेळी ताप येतोच असे नाही. येथे सीआरपी, सीबीसी आणि लघवीची तपासणी डॉक्टरांना दिशा देऊ शकते. संसर्ग बरा झाला की हालचालीही बऱ्याच अंशी पूर्ववत होऊ शकतात.

अशा वेळी आणखी तीन गोष्टी डॉक्टरांना सांगाव्यात. गोळ्यांची वेळ चुकली का, बद्धकोष्ठता आहे का आणि नवे औषध सुरू झाले का? उलटीवरील मेटोक्लोप्रमाइडसारखी काही औषधे डोपामिनच्या कामात अडथळा आणून लक्षणे वाढवतात. आणि पार्किन्सनच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता अचानक बंद करू नयेत.

वेग कमी करण्यासाठी सध्या काय हाती आहे?

औषधाने वेग थांबवता येतो असे अजून सिद्ध झालेले नाही. लिव्होडोपा आणि इतर औषधे लक्षणे कमी करतात. व्यायामाबाबत मात्र आश्वासक माहिती आहे. अमेरिकेत १२८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ट्रेडमिलवर जोमाने चालणाऱ्यांची सहा महिन्यांतील घसरण व्यायाम न बदलणाऱ्यांपेक्षा कमी होती. हे रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातील होते आणि व्यायाम देखरेखीखाली होता. त्यामुळे हृदयाची तपासणी आणि पडण्याचा धोका पाहूनच सुरुवात करावी.

वेगाचा अंदाज घेण्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञ आजही वय, तोल, चालणे, झोप, विचारशक्ती आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद यांकडेच पाहतात. दर सहा महिन्यांनी मोबाइलवर रुग्णाच्या चालण्याचा छोटा व्हिडीओ काढून ठेवला, पडण्याच्या घटना आणि गोळ्यांचा असर किती तास टिकतो याची नोंद केली, तर ती माहिती एका सुट्या सीआरपीपेक्षा अधिक बोलकी ठरते. रक्तातील खुणा उद्या या नोंदींच्या जोडीला येतीलही. पण त्यासाठी एका आकड्याऐवजी अनेक घटकांचा संच, भारतीय रुग्णांवर पडताळलेले मापदंड आणि तो संच पाहून देता येईल असे औषध, या तिन्ही गोष्टी लागतील. तोवर अहवालातल्या एका आकड्यावरून कोणाच्या पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडू नये.